पान एक्केचाळीस ते त्रेचाळीस

मंगळवारी सकाळी आजोबा न कळवता ऑफिसात आले, तेव्हा मी बाहीवरचा वाळलेला केळ्याचा डाग नखाने खरवडत होते. लेक कडेवरून उतरताना रोज माझ्या अंगावर काहीतरी ठेवून जाते, पोचपावतीच म्हणा.

"वकीलबाई, पाच मिनिटं आहेत? नसली तर चार द्या."

हे माझे सख्खे आजोबा नव्हेत. आमचे पक्षकार. पस्तीस वर्षं त्यांनी रेडिओसाठी नाटकं लिहिली आणि आता, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, त्यांच्या एका जुन्या मालिकेवर चित्रपट निघत होता. दोन शिंपी भाऊ, एकच दुकान, आणि वाटण्या होताना दुकानाच्या मधोमध खडूने ओढलेली रेघ, अशी ती गोष्ट. सिनेमा-नाटकवाल्यांचे करार करणं हेच आमच्या ऑफिसचं काम, आणि या कराराचा मसुदा माझा होता. पहिल्या भेटीतच ते म्हणाले होते, "मला साहेब म्हणू नका हो, मागे वळून बघावं लागतं." तेव्हापासून आजोबा.

आजही ते हसत होते, पण बसताना त्यांनी खुर्चीचा हात दोनदा चाचपला. पिशवीतून कराराची प्रत काढली, शेवटची पानं उघडली आणि प्रत माझ्याकडे फिरवली.

"ही तीन पानं. खाली सही माझीच आहे. पण हे मी कधी लिहिलं, ते काही केल्या आठवत नाही."

मी पान एक्केचाळीस बघितलं. पहिलं वाक्य वाचायची गरज नव्हती. ते मी पाळणाघराबाहेरच्या बाकावर बसून लिहिलं होतं, सतरा वेळा खोडून.

"रविवारी त्या दिग्दर्शिकेचा फोन आला," आजोबा सांगत होते. "म्हणाली, आजोबा, ही काजवाली बाई काय लिहिलीत तुम्ही! पूर्ण चित्रपट तिच्यावरच उभा करू. मी म्हटलं, थँक्यू. फोन ठेवला आणि मग वाचायला घेतलं. चांगलं आहे हो. माझ्यापेक्षा जरा ओलसर आहे, पण चांगलं आहे. बाई माझी, दुकान माझं, सही माझी. म्हणजे लिहिलं मीच असणार, नाही का?"

मी पान उलटून बेचाळीस काढलं.

"माझ्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. आधी चष्मा विसरायचा. मग एक दिवस वहिनीला विचारलं, आपण कोण? वहिनी म्हणाली, चाळीस वर्षांत पहिल्यांदाच नीट चौकशी केलीत." ते हसले, पण हसू ओठांवरच राहिलं. "लेकीने गुरुवारी डॉक्टरांची वेळ घेतलीय. म्हटलं त्याआधी तुमच्याकडच्या माझ्या जुन्या वह्या बघाव्यात. मूळ कागद सापडला माझ्या अक्षरातला, तर निदान कधी लिहिलं ते तरी कळेल. बघाल?"

"बघते, आजोबा," मी म्हटलं.

ते गेल्यावर मी बराच वेळ त्या दोन शब्दांकडे बघत बसले. काय बघणार होते मी?

मी गोष्टी लिहिते हे तीनच माणसांना माहीत होतं. मला, नवऱ्याला, आणि लेकीला, टिल्लीला, जिला 'आई लिहितेय' याचा अर्थ 'आई माझ्याकडे बघत नाहीये' एवढाच कळतो. नवरा म्हणतो, वकिलाने गोष्टी लिहायच्या म्हणजे ओव्हरटाइमच. ऑफिसात मात्र अवाक्षर नाही. कारण आमचे सर. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं होतं, "लोक आपल्याकडे न छापलेल्या गोष्टी ठेवून जातात, दागिने ठेवावेत तसे. आपण पंच. पंचाने चेंडूला पाय लावायचा नसतो." सात वर्षं मी पाय लावला नव्हता. टिल्ली झाल्यावर काय झालं कोण जाणे. ती झोपली की माझे हात रिकामे राहीनात. जेवणाच्या सुट्टीतली वीस मिनिटं, बाकावरची पंधरा, असं चिंध्या जोडून शिवल्यासारखं लिहायला लागले.

आजोबांच्या करारासाठी त्यांची मालिका मी चारदा वाचली. दुकानाच्या कोपऱ्यात बटणांसाठी काजं करणारी एक बाई आहे तीत. बारा भागांत मिळून तिला सात वाक्यं. ती मला सोडेना. भावांची भांडणं वाचताना माझे डोळे कोपऱ्याकडे जायचे. मग मी तिला एक मुलगी दिली. अख्ख्या गावाचे कपडे मापात शिवले जातात त्या दुकानात बसणारी ही बाई आपल्या मुलीला मात्र कायम वाढत्या अंगाचे झगे शिवते. बालपण संपतं, आणि एकही झगा त्या मुलीला बरोबर बसलेला नसतो. एवढीच गोष्ट, तीन पानांची. मी ती ऑफिसच्याच साच्यात टाइप करायची, तोच टाइप, तोच समास, म्हणजे कुणी मागून डोकावलं तर करारच वाटावा.

वाटला.

त्या दुपारी कराराचं शेवटचं परिशिष्ट छापायला लावलं होतं, म्हणजे गोष्टीचा सारांश. त्याच्या पाठोपाठ माझी तीन पानं. तेवढ्यात पाळणाघराचा फोन आला, टिल्लीला ताप आहे, घेऊन जा. असा फोन आला की बाकीचे आवाज बंद होतात. मी पर्स उचलली आणि पळाले.

प्रिंटरमधला गठ्ठा दोराकाकांनी उचलला. ते आमचे सगळ्यांत जुने कारकून. प्रत्येक पानावर हाताने आकड्याचा शिक्का मारायचा, दाभणाने तीन भोकं पाडायची, हिरव्या दोऱ्याने करार शिवायचा आणि गाठीवर लाख ओतायची, ही त्यांची पद्धत. एक पान काढायचं झालं तरी लाख फोडावी लागते, म्हणजे नंतर कुणाला पान बदलता येत नाही. दुसऱ्या दिवशी मी टिल्लीच्या कपाळावर घड्या ठेवत होते, आणि इकडे दोन्ही पक्षांनी त्रेचाळीस पानांखाली फराफरा सह्या केल्या. वाचलं कुणीच नाही. सह्यांच्या वेळी कुणी वाचत नाही. आमच्या धंद्यातला सगळ्यांना माहीत असलेला आळस हा. माझी पानं सापडेनात, तेव्हा मला वाटलं की रद्दीत गेली.

आता ती हिरव्या दोऱ्यात होती. मी गप्प बसले असते तर काहीच बिघडणार नव्हतं. माझं गुपित राहिलं असतं, नोकरी राहिली असती, गोष्ट पडद्यावर गेली असती. फक्त एक म्हातारा माणूस स्वतःच्या डोक्यावर संशय घेत गुरुवारी डॉक्टरांकडे गेला असता.

जेवणाच्या सुट्टीत नवऱ्याला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"वकील आहेस ना? बाजू मांड."

"कुणाची?"

"तेच तर म्हणतोय मी," तो म्हणाला.

चार वाजता टिल्लीला लवकर उचललं आणि तशीच आजोबांच्या घरी गेले. तिसरा मजला, लिफ्ट नाही. टिल्लीने प्रत्येक पायरी मोजली. तिच्या हिशेबाने सगळ्या मिळून पाच झाल्या. दार आजोबांच्या लेकीने उघडलं. त्या शाळेत गणित शिकवतात.

"या ना. बाबा आत आहेत. सापडलं काही?"

मी आत पाऊल टाकलं आणि थांबले. स्वयंपाकघराच्या प्रत्येक खणावर पांढरी चिठ्ठी चिकटवली होती, शिक्षिकेच्या गोल अक्षरात. चमचे. कात्री. सकाळची औषधं. रात्रीची औषधं. गॅसजवळ मोठ्या अक्षरात, बंद केला का?

"रविवारपासून," त्या हळूच म्हणाल्या. "म्हटलं आधीच सवय लावलेली बरी."

आजोबा खिडकीशी बसले होते. टिल्लीला बघून म्हणाले, "अरे वा! या कोण? मोठ्या वकीलबाई वाटतं?"

टिल्ली माझ्या पायामागे गेली. मी बसले नाही. बसले असते तर आधी चहा झाला असता, मग हवापाण्याच्या गप्पा, आणि धीर गेला असता.

"आजोबा, ती पानं तुम्ही लिहिलेली नाहीत. मी लिहिली आहेत."

मग सगळं सांगितलं. प्रिंटर, ताप, दोरा. मालिका चारदा वाचली तेही, आणि त्यांची बाई न विचारता उचलली तेही. बोलताना मला माझा आवाज कोर्टात ऐकू येतो तसा सपाट ऐकू येत होता.

आजोबा खिडकीकडून माझ्याकडे वळले.

"म्हणजे मी विसरलो नाही."

"नाही. विसरायला तुम्ही ते कधी लिहिलंच नव्हतं."

"म्हणजे मी शहाणा."

"हो."

"आणि तुम्ही चोर."

"हो," मी म्हटलं. "तुमची बाई उचलली मी."

तेव्हा त्यांच्या लेकीचा बांध फुटला. "आणि सकाळी? सकाळी ते तुमच्याकडे आले होते ना? तेव्हा का नाही बोललात? रविवारपासून मी त्यांना वार विचारतेय, तारीख विचारतेय! काल रात्री शंभरातून सात-सात वजा करायला लावलं. माझ्या बाबांना! पाढे मला त्यांनी शिकवलेत!"

"आणि तुझंच एकदा चुकलं," आजोबा म्हणाले.

"बाबा, तुम्ही गप्प बसा."

 घाबरले होते, आणि तेवढंच मी सांगितलं.  तेवढ्यात चर्रर्र असा आवाज आला. टिल्लीने 'चमचे' उपटलं होतं आणि आता ती 'कात्री'च्या मागे लागली होती. चिकटवलेलं काही दिसलं की काढायचं, हा तिचा सध्याचा जन्मसिद्ध हक्क. मी धावले, पण आजोबांनी हात केला.

"राहू द्या. चांगलं काम करतेय."

त्यांच्या लेकीने तिच्याकडे बघितलं. मग ओट्याजवळ जाऊन गॅसवरची उंचावरची चिठ्ठी स्वतः सोडवली आणि टिल्लीच्या हातात दिली. औषधांच्या दोन मात्र ठेवल्या. "गुरुवारची वेळ मी रद्द करणार नाहीये," त्या म्हणाल्या.

"नको करूस. जाऊन येऊ," आजोबा म्हणाले. "आता निदान न घाबरता जाईन." मग माझ्याकडे वळून, "बसा आता. चोराला चहा द्यायला हरकत नाही. ती मुलगी कुठून आणलीत तुम्ही? मला तिला मुलगी असेल असं कधी वाटलंच नव्हतं."

मी टिल्लीकडे बोट दाखवलं. टिल्लीच्या कपाळावर तोवर 'बंद केला का?' चिकटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांच्या खोलीत गेले. सर ऐकताना चष्मा काढून टेबलावर पालथा ठेवतात. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "किती वर्षं?"

"अडीच."

"ऑफिसच्या वेळेत?"

"जेवणाच्या सुट्टीत."

"म्हणजे जेवत नाहीस." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "पानं शिवली गेली ही तुझी एकटीची चूक नाही. दोराकाकांनी बघितलं नाही, मी बघितलं नाही. मी तर समोर बसून सह्या घेतल्या. तुझी चूक वेगळी आहे. पक्षकाराच्या घरात शिरून त्याला न विचारता तू त्याची खुर्ची हलवलीस."

"हो सर."

"आता दोन गोष्टी होतील. या फाइलवर तू वकील नाहीस, पक्षकार आहेस. टेबलाच्या त्या बाजूला बसायचं. आणि आपल्या प्रत्येक लेखकाला पत्र जाईल की इथली एक वकील स्वतः लिहिते. ज्यांना नको असेल ते जातील. ते तुला बघावं लागेल."

दोघे गेले. एक कादंबरीकार, जिच्या बाळाला टिल्लीचं दुपटं मी स्वतः दिलं होतं, आणि एक गीतकार. कादंबरीकाराने फोन करून सांगितलं, "राग नाही गं, पण आता तुझ्यासमोर बोलताना मी जपून बोलेन." तिचं बरोबर होतं. मी तिची फाइल खोक्यात भरून दिली.

त्या सकाळी मी सरांच्या खोलीतून निघताना ते मागून म्हणाले होते, "वाचली मी ती पानं. दिग्दर्शिकेचा मलाही फोन आला होता. मला वाटलं, म्हातारा अजून काय लिहितो!" मग लगेच फोन उचलून कुणावर तरी ओरडायला लागले होते.

पुढच्या सोमवारी सगळे जमलो. दोराकाकांनी लाख फोडली. तीस वर्षांत पहिल्यांदा, असं त्यांनी प्रत्येकाला वेगवेगळं सांगितलं. दुरुस्तीपत्र सरांनी केलं होतं. त्यात आजोबांचं एक वाक्य सरांनी जवळजवळ तसंच घेतलं होतं: बाई माझी, मुलगी त्यांची. त्या तीन पानांवर दोघांचं नाव लागणार होतं, आणि पुढे त्या बाईबद्दल मला काहीही लिहायचं झालं तर आधी आजोबांना विचारायचं होतं. दिग्दर्शिकेला सगळं मान्य होतं. ती म्हणाली, "मला काय, दोन डोकी मिळाली." आजोबांसोबत त्यांची लेक आली होती. डॉक्टर म्हणाले होते, वयाच्या मानाने ठीक आहे, सहा महिन्यांनी पुन्हा या. हे सांगताना त्या वडिलांकडे बघत नव्हत्या. ते 'वयाच्या मानाने' त्यांच्या गळ्याखाली उतरलं नव्हतं.

"यापुढे या ऑफिसात न वाचता सही नाही," सर म्हणाले. "मोठ्याने वाचायचं. प्रत्येक पान. चल, तुझी पानं तू वाच."

माझी गोष्ट मी आजवर कुणाला वाचून दाखवली नव्हती. नवऱ्यालाही नाही. इतकी वर्षं दुसऱ्यांची कलमं खणखणीत वाचणारी मी, पहिल्या ओळीला अडखळले. दोराकाका म्हणाले, "पाणी देऊ का?" मी मान हलवली आणि वाचत गेले. बेचाळिसाव्या पानावर दिग्दर्शिकेने हनुवटीखाली हात घेतला. त्रेचाळिसाव्यावर मी वाचलं, तिने उजव्या हाताच्या बोटात सुई ढकलायचं अंगुस्तान चढवलं आणि मुलीचा झगा मांडीवर ओढला...

"थांबा," आजोबा म्हणाले. "ती डावरी आहे."

"कोण?" दिग्दर्शिकेने विचारलं.

"काजवाली. दुसरा भाग. धाकटा भाऊ तिला म्हणतो, तू डाव्या हाताची, खिडकीच्या या अंगाला बस, तुझ्याच हाताची सावली कामावर पडते."

"असं वाक्यच नाहीये आजोबा, मी रेकॉर्डिंग ऐकलंय," दिग्दर्शिका म्हणाली.

"रेकॉर्डिंगमध्ये नाही. नटाने खाल्लं. म्हणाला, रेडिओवर डावं-उजवं कोण बघतंय? पण लिहिलंय मी."

मी उठले आणि कपाटातून दुसऱ्या भागाची वही काढली. पिवळी पडलेली पानं. अकराव्या पानावर, पेन्सिलने काट मारलेलं, पण स्पष्ट वाचता येत होतं. चारदा वाचूनही काट मारलेलं म्हणून मी ते ओलांडून गेले होते. वही मी त्यांच्या लेकीसमोर ठेवली.

लेकीने वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"बाबा, अठ्ठावीस वर्षं झाली याला."

"तू चौथीत होतीस. कांजिण्या आल्या होत्या तुला. एका हाताने वारा घालत होतो आणि दुसऱ्याने हे लिहीत होतो. म्हणून अक्षर असं पळालंय."

 मी पेन घेतलं, 'उजव्या' खोडलं आणि वर 'डाव्या' लिहिलं.

"अहो, मूळ प्रतीत!" दोराकाका ओरडले. "आता खाडाखोडीवर सगळ्यांच्या सह्या लागतील. आणि एक साक्षीदार!"

सह्या झाल्या. आजोबांची, माझी, निर्मात्याच्या वतीने दिग्दर्शिकेची. साक्षीदार म्हणून सरांनी पेन आजोबांच्या लेकीपुढे केलं. त्यांनी ते घेतलं, पण सही करण्याआधी पान जवळ ओढून ती ओळ पहिल्यापासून वाचली. मग वर न बघता विचारलं, "खिडकी तिच्या कुठल्या बाजूला होती, बाबा?"

"उजवीकडे," आजोबा म्हणाले. "सही कर आणि त्यांना पुढचं वाचू दे."